बूट इथे काढू नये

आमच्या कारखान्यात टोमॅटो सॉसला जितकं जपतात, तितकं माझ्या आईने मला जपलं नसेल. सॉसमध्ये केस पडू नये म्हणून डोक्याला जाळीची टोपी, जाळीवर आणखी एक टोपी. शिंक पडू नये म्हणून तोंडाला मास्क. बांगडी नाही, अंगठी नाही, कानातलं नाही, नखाला रंग नाही. अंगातल्या सदऱ्याला खिसा नाही, कारण खिशात काहीतरी असतं आणि वाकलं की ते पडतं. पँट गमबुटात खोचलेली हवी, कारण पँटच्या दुमडीत बाहेरची धूळ असते. हात कोपरापर्यंत धुवायचे, बूट हौदात ब्रशने घासायचे, मग आत पाऊल टाकायचं. आम्ही माणसं म्हणजे चालतीबोलती घाण आणि सॉस म्हणजे राजाचा लाडका लेक.

आता, लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे. स्वच्छता हवीच, त्यावरून माझं भांडण नाही. भांडण एवढंच, की भिंतभर लावलेल्या पाट्यांपैकी माणसाला कसं जपायचं हे सांगणारी एक तरी पाटी असावी. होती म्हणा एक. कुठे होती ते पुढे येईलच.

ही गोष्ट माझ्या वहिनीची आहे. कारखान्यात तिला सगळे टापटीप म्हणायचे, टापटीपबाई. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला, बाटल्या खोक्यात भरणाऱ्यांत. ती काचेच्या भिंतीपलीकडे, शिजवायच्या हॉलमध्ये. तिकडे माणसाला बसवून आंघोळ घालता येईल एवढाल्या स्टीलच्या कढया आहेत. एक माल संपला की दुसरा चढवायच्या आधी कढया आणि नळ्या धुऊन काढायच्या, हे वहिनीचं काम. टोमॅटो शिजून तळाला जो काळा थर धरतो तो साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला कॉस्टिक लागतं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी. निळ्या ड्रममधून येतं ते. कॉस्टिक तो थर असा खातो की कढई आरशासारखी निघते.

वहिनीला ते काम मनापासून आवडायचं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण ती आहेच तशी. लग्न होऊन घरी आली त्याच आठवड्यात तिने आमच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. आई दोन दिवस साखर शोधत होती. पायपुसणंसुद्धा ती घडी घालून ठेवते. मी चिडवायची, "वहिनी, दादालाही एकदा घडी घालून कपाटात ठेव, म्हणजे घर शांत होईल." ती म्हणायची, "आधी तुझी जीभ घडी घालते, मिरचे." मिरची हे माझं घरातलं नाव. तिखट आहे म्हणून ठेवलंय, लाडाने नाही.

नवीन पोरगी कामाला लागली की ती आधी वहिनीच्या हाताखाली यायची. वहिनी दारातच उभी राहून तिला नखशिखान्त न्याहाळायची. "ही बट आत घे. पँट खोच. खोच नीट, अर्धी नको. बूट कुठे काढायचे? फक्त चेंजिंगमध्ये. आत कुठेही नाही, आभाळ कोसळलं तरी नाही." पोरी तिला टरकून असायच्या आणि तिच्यावर जीवही टाकायच्या. नियम हा तिच्यासाठी धाक नव्हता. तिला तो पटायचा. वरचे लोक विचार करूनच नियम करत असतील, असं ती धरून चालायची. मी असं काही धरून चालत नाही, म्हणून मी पॅकिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा ओरडा खाल्लेली आहे.

बुटाच्या नियमाला तर इतिहासच होता. एका पोरीच्या बुटात खडा गेला. बिचारीने कढईशेजारी एका पायावर उभं राहून बूट काढला, झटकला, घातला. क्वालिटीसाहेबांनी पाहिलं. सगळी कढई गटारात ओतली आणि पोरगी पंधरा दिवस घरी. तेव्हापासून "बूट इथे काढू नये" ही पाटी हॉलमध्ये चार ठिकाणी लागली, लाल अक्षरांत.

आता हे क्वालिटीसाहेब. आमच्याकडे मालाची गुणवत्ता आणि कामगारांची सुरक्षा ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे आहेत. दोन टोप्या, डोकं एक. त्या डोक्यात सॉस भरलेला. माल बिघडला तर त्यांना वरून बोलणी बसतात, माणूस बिघडला तर दुसरा मिळतो. वाईट माणूस आहे असंही नाही, वाढदिवसाला पेढे वाटतात. पण कॉस्टिक उपसायच्या हातपंपाची नळी सैल झालीय, ती आवळणारी पट्टी तुटलीय, हे वहिनीने त्यांना तीनदा सांगितलं होतं. "हो, हो, मेंटेनन्सला सांगतो." मेंटेनन्सवाल्याने येऊन नळी तारेने बांधली आणि तार आवळून "आता हलायची नाही" म्हणून निघून गेला.

ती नळी शिफ्ट संपायच्या वेळेला निसटली. वहिनी ड्रममधलं कॉस्टिक टाकीत उपसत होती. डोळ्यांवर चष्मा होता, हातात लांब मोजे होते, पुढे एप्रन होता, सगळं जागच्या जागी. नळी तारेतून सुटून वळवळली आणि पिचकारी बसली गुडघ्याला, एप्रनच्या खाली. तिथून ते पँटवरून खाली ओघळलं. आणि पँट कुठे होती? नियमाप्रमाणे बुटात खोचलेली, अर्धी नाही, पूर्ण. सगळं कॉस्टिक सरळ बुटात उतरलं.

कॉस्टिकचा स्वभाव गोडबोल्या माणसासारखा आहे. आल्या आल्या चटका देत नाही. ते गार होतं. आधी नुसतं साबणासारखं बुळबुळीत लागतं, आपल्याला वाटतं बरंच झालं, थोडक्यात निभावलं. ते बुळबुळीत लागतं कारण आपल्याच कातडीचा साबण व्हायला लागलेला असतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

तर वहिनीने काय केलं? ऐका. आधी शेजारच्या भरलेल्या कढईवर झाकण ओढलं, शिंतोडा जाऊ नये म्हणून. मग पाण्याचा पाइप घेऊन जमीन धुतली, कारण कोणी घसरलं असतं. तोवर बुटात ऊब यायला लागली. तिथेच भिंतीला आणीबाणीचा शॉवर आहे. त्याच्यावर ती पाटी होती, जिच्याबद्दल मी म्हटलं: "रसायन अंगावर पडल्यास ताबडतोब येथे धुवा." शॉवरच्या खाली टोमॅटोच्या लगद्याचे ड्रम छातीएवढे रचून ठेवलेले होते, कारण गोदामात जागा नव्हती. पाण्याचा पाइप तिच्या हातात होता. पाणी धो धो वाहत होतं. पण पायावर पाणी मारायचं तर बूट काढायला हवा. आणि बूट तिथे काढायचा नसतो. समोर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, शेजारी सॉस शिजत होता, आणि ती टापटीपबाई होती.

ती चालत निघाली. तो हॉल किती लांब आहे ते मी सांगत बसत नाही, रोज चालून आमच्या पोटऱ्या दुखतात. काचेच्या भिंतीपलीकडून मी तिला जाताना पाहिलं. जरा लंगडतेय असं वाटलं, म्हटलं पायात गोळा आला असेल. ती फिलिंगच्या लाइनपाशी थांबली, कारण ट्रॉली जात होती. बाहेरच्या बोळात बूट धुवायचा हौद आहे. तिथे ती थांबली आणि तिने बूट बाहेरून ब्रशने घासले. नियम आहे. आत पाय जळतोय आणि बाई बूट बाहेरून लख्ख करतेय. मला आजही हे आठवलं की कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि कोणाच्या ते मला चांगलं माहीत आहे.

झाडूवाल्या मावशींची किंकाळी ऐकून मी धावले. वहिनी चेंजिंगच्या बाकावर बसली होती, दोन्ही हातांनी बूट ओढत होती आणि तो निघत नव्हता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बघून ती म्हणाली, "मिरचे, मोजा ओला झालाय वाटतं." माझ्या हातात खोकी कापायचं पातं होतं. मी बूट वरपासून खाली फाडला. मोजा निघाला, आणि मोज्याबरोबर काय निघालं ते मी लिहीत नाही. मावशींनी नळाला बादली लावली, आम्ही ओततच राहिलो.

कोणीतरी प्रथमोपचाराची पेटी आणली. पेटीत कापूस होता, मलम होतं आणि चिकटपट्ट्या होत्या, निळ्या रंगाच्या. खाण्याच्या कारखान्यात चिकटपट्टी निळी का असते माहीत आहे? कोणाच्या बोटाची सुटून सॉसमध्ये पडली तर पटकन दिसावी म्हणून. जखमेची पट्टीसुद्धा सॉसच्या सोयीची! मी ती पेटी भिंतीवर फेकली. त्याबद्दल मला नंतर लेखी समज मिळाली. फेकल्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि विचारलं, "हे पडल्यावर बूट केव्हा काढला?" वहिनीने खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिथल्या तिथे काढून पाण्याखाली धरला असता, तर इतकं खोल गेलं नसतं हो." त्या बिचाऱ्या डॉक्टर म्हणून बोलल्या. पण तो शब्द वहिनीच्या मनात असा रुतला की जखम भरली तरी तो निघाला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मांडीची कातडी काढून पायावर लावली. ती काही लागली, काही लागली नाही, पुन्हा लावली. टापटीपबाई पलंगावर पडल्या पडल्या पायाशी असलेल्या चादरीची घडी सरळ करायची.

घरी आणल्यावर क्वालिटीसाहेब भेटायला आले. हातात सफरचंदांची पिशवी आणि कंपनीची भेट म्हणून एक खोकं. खोक्यात काय, तर सॉस. मोठी बाटली, छोटी बाटली, तिखट, गोड. आईने ते खोकं बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडे आता कोणी खात नाही हो हा." साहेबांनी खोकं पायाशी सरकवून ठेवलं.

मग मुद्द्यावर आले. चौकशी झाली म्हणे. निष्कर्ष असा, की कामगाराने रसायन सांडल्यावर बूट ताबडतोब काढला नाही, त्यामुळे इजा वाढली. सबब कामगाराचा निष्काळजीपणा. चौकशी केली कोणी? साहेबांनीच. उंदराला मांजर साक्ष. नळीबद्दल? "नळीचं आम्ही बघतोय." शॉवरखालच्या ड्रमांबद्दल? "तो वेगळा विषय आहे."

"साहेब," मी म्हटलं, "बूट इथे काढू नये असं तुम्हीच चार ठिकाणी लिहून ठेवलंय ना?"

"ताई, नियम सामान्य परिस्थितीसाठी असतात. आणीबाणीत माणसाने डोकं वापरायला नको का?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी उठलेच होते, पण आईने माझा हात धरला.

"कंपनी काही वाऱ्यावर सोडत नाही," साहेब वहिनीला म्हणाले. "तुम्हाला उभ्याचं काम आता जमणार नाही. झाकणं तपासायचं काम आहे, खुर्चीवर बसून. ते तुमच्यासाठी ठेवलंय. फक्त एक करायचं. पुढच्या महिन्यात सुरक्षेची मीटिंग घेतोय. तुम्ही सगळ्यांसमोर दोन शब्द बोला, की माझी चूक झाली, बूट लगेच काढायला हवा होता, तुम्ही अशी चूक करू नका. तुमच्या तोंडून ऐकलं की पोरींच्या मनावर ठसेल. चौकशीचाही शेवट नीट होईल."

"आणि नाही बोलली तर?" आईने विचारलं.

"मग प्रकरण वर जाईल. वरचे लोक कागद बघतात, आजी. कागदावर निष्काळजीपणा असला की नोकरी काय आणि भरपाई काय, माझ्या हातात काही राहत नाही."

गोड शब्दांत गळ्याला फास लावणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

ते गेल्यावर घरात जी जुंपली! दादा टायरच्या दुकानात काम करतो, सरळ माणूस, कटकट नको असते त्याला. तो म्हणाला, "बोलून टाक चार शब्द. शब्दांनी काय अंगाला भोकं पडतात? बसायचं काम मिळतंय. या पायाने दुसरीकडे कोण ठेवणार आहे?" मी म्हटलं, "दादा, तुझ्या बायकोची बोटं गेली आणि वर तिनेच माफी मागायची? चोराच्या उलट्या बोंबा आणि तू त्याला ढोल वाजवतोस!" तो म्हणाला, "तुझं काय जातंय बोलायला? घर तू चालवतेस का?" आई म्हणाली, "दोघं गप्प बसा. जिचा पाय आहे तिला विचारा."

वहिनी खिडकीपाशी पाय उशीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पण मी बूट काढला नाही, हे तर खरंच आहे ना?"

मला जेवढा राग आला, तेवढा साहेबांचाही आला नव्हता. "अगं, काढला असतास तर त्याच माणसाने तुला घरी बसवलं असतं! त्या खड्यावाल्या पोरीसारखं!"

"बसवलं असतं का?" ती म्हणाली. "कॉस्टिक पडलंय म्हटल्यावर? तेव्हा नसतं बसवलं, मिरचे. माणूसच आहे तो पण. मीच फार नियमाची. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच ना."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढे ती हळूहळू चालायला शिकली, आधी भिंत धरून, मग काठीने, मग तशीच, पाय बाहेरच्या बाजूला टाकत. घरात कोणी नसलं की ती पायाकडे टक लावून बघत बसायची, हे आईने मला सांगितलं. आई म्हणाली, "ती पायाला रागावते गं. साहेबाला नाही."

मीटिंगच्या दिवशी ती माझ्याबरोबर कामावर आली. कारखान्यात मीटिंगसाठी खोली आहे, पण तीतही खोकी रचलेली. आणि साहेबांना ती जागेवरच घ्यायची होती, जिथे घडलं तिथेच. "म्हणजे डोळ्यांसमोर राहतं," म्हणाले. लाइन मात्र बंद ठेवली नव्हती, ऑर्डर होती. एका बाजूला कढया रटरटत होत्या, दुसऱ्या बाजूने उघड्या बाटल्या भरत भरत पुढे सरकत होत्या, मधे आम्ही दोन्ही विभागांच्या बायका आणि चारदोन पुरुष दाटीवाटीने उभे. पँटा खोचलेल्या, टोप्या चढवलेल्या. वहिनीला नवे बूट दिले होते, एक नेहमीच्या मापाचा, एक मोठा. शॉवरखाली ड्रम अजून तसेच होते. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी दातावर दात दाबून उभी राहिले. वहिनीने तशी शपथ घातली होती.

साहेबांनी सुरुवात केली. सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी, कंपनी म्हणजे कुटुंब, वगैरे. मग म्हणाले, "आपल्या ताई आज स्वतःचा अनुभव सांगणार आहेत. बोला ताई, घाबरू नका."

वहिनी कढईच्या कठड्याला धरून उभी होती. तिने मास्क खाली केला. आवाज अगदी रोजचा, पोरींना शिकवायची तसाच.

"साहेब म्हणतात माझी चूक झाली. या इथे माझ्या बुटात कॉस्टिक गेलं. मी बूट काढला नाही, चालत चेंजिंगला गेले. साहेब म्हणतात, बूट तिथल्या तिथे काढायला हवा होता. बरोबर ना, साहेब?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

"नुसतं सांगून लक्षात राहत नाही. पोरींनो, मी करून दाखवते."

ती वाकली, खोचलेली पँट ओढून काढली आणि मोठा बूट दोन्ही हातांनी पायातून उपसला. मग मोजा. तो पाय आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तोवर पाहिलेला नव्हता. लालसर, चकचकीत, कुठे फुगलेला, कुठे दबलेला, आणि बाहेरच्या बाजूला जिथे बोटं असतात तिथे काही नाही.

आणि साहेब ओरडले. विचार करायला वेळच मिळाला नाही त्यांना, आतून आलं ते. "अहो, काय करताय! बूट घाला! लाइन चालू आहे! पाय खाली टेकवू नका, पाय टेकवू नका!"

वहिनी एका पायावर उभी. "मग कुठे टेकवू, साहेब?"

"बाहेर! चेंजिंगमध्ये जाऊन काढा ना! इथे काय काढताय?"

हे वाक्य त्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाने ऐकलं. कढया रटरटत होत्या, तरी ऐकलं. साहेबांनी स्वतःसुद्धा ऐकलं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

वहिनीने पाय खाली ठेवला. सावकाश, आधी टाच, मग उरलेली बोटं. ओल्या जमिनीवर तो उघडा पाय आणि समोर लाल पाटी. फिलिंगवरच्या बाईने सवयीने लाल बटण दाबलं, नियमच आहे तो, आणि लाइन थांबली. त्या दिवशी वहिनीचा पाय बुटात जळत होता तेव्हा चालू राहिलेली लाइन, आज नुसता पाय दिसला म्हणून थांबली. मग मी खाली वाकले आणि माझी पँट बुटातून ओढून बाहेर काढली. माझ्या शेजारणीने काढली. तिच्या शेजारणीने काढली. साहेब आमच्याकडे बघत राहिले. आत खोचा म्हणावं तर पंचाईत, बाहेर राहू दे म्हणावं तर पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढचं एका दमात सांगते, कारण ते अजून संपलेलं नाही. झाकणं तपासायचं काम वहिनीला मिळालं नाही, "सध्या घरीच थांबा" असा निरोप आला. शॉवरखालचे ड्रम मात्र त्याच संध्याकाळी हलले, वरातीमागून घोडं. कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला आला तेव्हा त्याने एकेकीला आत बोलावलं. प्रत्येकीने साहेबांचं तेच वाक्य सांगितलं, चेंजिंगमध्ये जाऊन काढा ना, इथे काय काढताय. निष्काळजीपणाचा शब्द आता कागदावरून उडालाय. भरपाईचं भांडण चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. दादासुद्धा आता टायर बदलता बदलता गिऱ्हाइकांना हीच गोष्ट सांगतो.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचं. लाइन थांबल्यावर वहिनी बूट हातात घेऊन निघाली, एक पाय बुटातला, एक उघडा. आम्ही सगळ्या तिच्या मागे. तोच हॉल, तीच काचेची भिंत. बूट धुवायच्या हौदापाशी ती सवयीने थांबली, ब्रशकडे हात गेला. मग तिने हात मागे घेतला आणि हौदाला वळसा घालून गेली.

चेंजिंगमध्ये ती त्याच बाकावर बसली. मला आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, काय नाटक केलंस गं! मला आधी सांगायचं तरी. मी टाळ्या तयार ठेवल्या असत्या."

"नाटक नाही केलं," ती म्हणाली. मी दिलेल्या टॉवेलने ती पाय पुसत होती, उरलेल्या बोटांच्या बेचक्यांतसुद्धा नीट. "मला खरंच बघायचं होतं. तो गप्प बसला असता ना, किंवा 'हो, असाच काढायचा' म्हणाला असता, तर मी मानलं असतं. सगळ्यांसमोर म्हटलं असतं की चूक माझी, आणि मनापासून म्हटलं असतं."

टॉवेलची तिने घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"इतके महिने मी तेच धरून बसले होते, मिरचे. की माझा पाय मीच जाळला."